पाण्याचा दिवस आणि ताईंचा कोप

छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात रविवारी पांढऱ्या वाघांसमोर जेवढी गर्दी असते, तेवढीच कधीकधी पिंजऱ्यांच्या अलीकडे, फुगेवाल्याजवळ जमते. मधोमध तीन-साडेतीन वर्षांचं एक लेकरू फरशीवर आडवं पडून टाचा घासत असतं. वाघ भर दुपारी झोपलेला असतो, त्यात त्याची काही चूक नाही. पण तिकीट काढून आत आलेल्या माणसाला डरकाळी ऐकायची असते आणि ती त्याला इथे मिळते. लेकराशेजारी एक प्रौढ गृहस्थ चेहऱ्यावर ‘हे माझं नव्हे’ असा भाव आणायचा प्रयत्न करत उभे असतात. तो भाव साधत नाही, कारण लेकराने त्यांच्या पायजम्याचा पाय धरलेला असतो. या गृहस्थांच्या जागी मी बऱ्याचदा उभा राहिलेलो आहे.

आपल्याकडे रडणारं मूल ही सार्वजनिक मालमत्ता आहे. एरवी रस्त्यात कुणी पडलं तर बगल देऊन जाणारी माणसं मूल पडलं की थांबतात आणि चौकशी समिती नेमल्यासारखी उभी राहतात. “काहून रडवायले हो लेकराला?” हा पहिला प्रश्न. यात लेकरू आपल्या मनाने रडू शकतं ही शक्यताच धरलेली नसते. मग एखादी बाई पुढे होऊन म्हणते, “घेऊन द्या की काय मागायलंय ते. एवढं पोटासाठी कमावून करता काय?” पलीकडे थांबलेला रिक्षावाला आपल्या खास शहरी बोलीत म्हणतो, “कायकू रुलारे चाचा, दिला देव ना!” लेकराला काय हवं आहे हे यांपैकी कुणालाच ठाऊक नसतं. आमच्या लेकराला त्या दिवशी वाघ घरी न्यायचा होता.

हे लेकरू म्हणजे माझी नात. वय साडेतीन. घरात तिला सगळे ताई म्हणतात. तिच्याहून लहान असं घरात कुणीही नाही, पण ही पदवी वयावरून दिलेली नसून अधिकारावरून दिलेली आहे. ताई एरवी अतिशय गोड आहेत. पण कोप झाला की त्या आधी किंचाळतात, मग हातातली वस्तू फेकतात, मग समोरच्याला लाथ मारतात आणि समोरचा वाकून समजूत घालायला लागला की त्याला चावतात. हा क्रम त्यांनी आजवर बदललेला नाही. त्यामुळे अनुभवी माणसं वाकत नाहीत. पाहुणे वाकतात.

मुलगा असता तर चित्र वेगळं असतं, हे मी शेजारच्या फ्लॅटमध्ये बघतो. तिथला चार वर्षांचा बाळ आपल्या आजीला चपलेने मारतो आणि लोक म्हणतात, “दणकट आहे हो पोरगा!” आमच्या ताईंनी कुणाला नुसतं बोचकारलं तरी एखादी आत्याबाई गालावर हात ठेवून विचारते, “असं वागलं तर सासरी कसं व्हायचं गं?” साडेतीन वर्षांच्या मुलीला सासरची भीती घालणं म्हणजे काय, हे आत्याबाईंना कळत नाही, पण ताईंना कळलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “सासर कुठंय?” आणि ते कॅनॉटच्या बाजारात नाही म्हटल्यावर त्यात रस घेतला नाही.

कोपाची कारणं सांगतो. केळं सोलताना मधून मोडलं. लिफ्टचं बटण दुसऱ्या कुणी दाबलं. पोळीचा घास आईने तोडला आणि तो स्वतः तोडायचा होता. निळ्या पेल्यात दूध दिलं. हिरव्या पेल्यात ओतलं, तर आता ते निळ्यातलं दूध राहिलं नाही. या सगळ्यात एक समान सूत्र आहे, ते म्हणजे मागणी अशी असते की ब्रह्मदेवही ती पुरी करू शकणार नाही. मोडलेलं केळं जोडून हवं असतं. वर गेलेली लिफ्ट न दाबलेल्या अवस्थेत परत हवी असते. एकदा त्यांनी रडून रडून कालची संध्याकाळ मागितली होती. कारण काल संध्याकाळी त्या झोपून गेल्या आणि आम्ही सगळ्यांनी त्यांच्याशिवाय शेवपुरी खाल्ली.

माझा मुलगा वाळूजला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. तिथे काही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारायचं, अशी एक जपानी पद्धत आहे. टोयोटावाल्यांनी ती काढली. पाचव्या ‘का’ला बिघाडाचं मूळ सापडतं म्हणतात. मुलाने ती घरी वापरून पाहिली. ताई जमिनीवर, हा उकिडवा बसलेला. “का रडतेस?” “केळं मोडलं!” “का मोडलं?” “तू मोडलं!” दुसऱ्याच ‘का’ला मूळ सापडलं आणि मूळ तोच निघाला. तिसरा ‘का’ विचारायला तो वाकला आणि त्यानं चावून घेतलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मनगटावरची खूण बघून कुणीतरी विचारलं, तर यानं कुत्र्याचं पिल्लू पाळलंय असं सांगितलं.

निवृत्त माणसाला वाचायला वेळ असतो. मी थोडं वाचलं. लहान मुलांच्या रागाचा अभ्यास करण्याचं वेड अमेरिकेतल्या मिनेसोटा नावाच्या थंड मुलखाला फार जुनं आहे. बहुधा सहा महिने बर्फ पडल्यावर मुलं घरात कोंडली जात असतील आणि अभ्यासाला विषय आपोआप मिळत असेल. तिथल्या विद्यापीठातल्या फ्लॉरेन्स गुडइनफ नावाच्या बाईंनी आयांना घरी वह्या देऊन मुलांच्या संतापाच्या नोंदी ठेवायला लावल्या आणि १९३१ साली त्यावर पुस्तक काढलं. जेवायच्या आधी, म्हणजे पोटात कावळे ओरडत असताना, आणि दमल्यावर किंवा आजारपणात हा राग जास्त येतो, असं त्यात आढळलं. आमच्या आज्जीला (म्हणजे ताईंच्या आज्जीला, माझ्या बायकोला) हे सांगितलं, तर ती म्हणाली, “हे कळायला पुस्तक कशाला पाहिजे होतं? तुमचंही तसंच आहे.” त्याच पुस्तकातली दुसरी गोष्ट मात्र तिला ठाऊक नव्हती. बहुतेक प्रकरणं पाच मिनिटांच्या आत आपोआप संपतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

त्याच मिनेसोटातल्या मायकल पोटेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर मुलांच्या कपड्यांत बिनतारी मायक्रोफोन बसवून आकांडतांडवाचं ध्वनिमुद्रण केलं. आपल्याकडे एवढा खर्च करायची गरज नाही, खालच्या मजल्यावर बसलं तरी सगळं स्वच्छ ऐकू येतं. पण त्यांचा २०११ सालचा निष्कर्ष कामाचा आहे. किंचाळणं आणि ओरडणं यांची एक जोडी असते, तो राग. मुसमुसणं, कुरकुरणं, रडणं यांची दुसरी, ते दुःख. राग सुरुवातीला सर्रकन शिखरावर जातो आणि उतरतो. दुःख मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत खाली वाहत असतं. राग उतरला की उरतं ते नुसतं दुःख, आणि तेव्हा मूल स्वतः होऊन कुशीत येतं. म्हणून रागाच्या शिखरावर असलेल्या मुलाला प्रश्न विचारू नयेत, असा पोटेगल यांचा सल्ला. प्रश्नाने त्याच्या आधीच भरलेल्या डोक्यात आणखी एक गोष्ट कोंबली जाते आणि शिखर लांबतं.

आता आमच्या घरात काय होतं ते बघा. ताईंनी पहिली किंकाळी फोडली की स्वयंपाकघरातून: “काय झालं?” बाल्कनीतून: “कुणी मारलं?” आतल्या खोलीतून: “भूक लागली का?” दारातून, दूध द्यायला आलेल्या माणसाकडून: “पडली का काय?” आणि शेवटी आज्जीकडून तो सनातन प्रश्न: “शी आलीय का तिला?” पोटेगल साहेबांनी एखादा मायक्रोफोन आमच्या घरातल्या मोठ्यांच्या कपड्यांत बसवला असता, तर त्यांना वेगळंच पुस्तक लिहावं लागलं असतं.

प्रश्नांनी भागलं नाही की धाक. बागुलबुवा आता चालत नाही, मुलांनी त्याला कार्टूनमध्ये बघितलंय. डॉक्टर सुई टोचतील हा धाक चालतो, पण त्याचे हप्ते नंतर फेडावे लागतात, लसीच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर. राहता राहिले पोलीस. क्रांती चौकात सिग्नलला ताईंनी स्कूटरवर उभं राहून हट्ट सुरू केला, तेव्हा मी पिढीजात वाक्य बोललो, “ते बघ पोलीसकाका, घेऊन जातील हं!” ताई थांबल्या. पोलीसकाकांकडे बघितलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “काका, आबा मला ओरडले. यांना न्या.” तो माणूस उन्हाने कावलेला होता, पण हसला आणि म्हणाला, “नेतो की. चला आबा.” त्यावर ताईंनी माझी मान दोन्ही हातांनी धरली आणि असा काही गळा काढला की सिग्नल हिरवा होऊनही मागचे लोक हॉर्न वाजवायचं विसरले. धाक दाखवला मी, घाबरली ती, अटक माझी. तेव्हापासून आम्ही त्या चौकातून जाताना पोलिसांना हात करतो.

आमच्या लहानपणी एवढे कष्ट कुणी घेत नसे. एक धपाटा, आणि तोही काम न थांबवता. धपाटा देणारा हात परत भाकरीवर. याच्या उलट टोकाला आमची पिढी आहे, आम्ही गोळीची लालूच दाखवतो. मारिया मॉन्टेसरी १९३९ साली भारतात आल्या आणि पुढे १९४६पर्यंत इथेच होत्या. त्यांचं म्हणणं होतं की मुलाला बक्षीसही नको आणि शिक्षाही नको. आपल्याकडे हे पटवून घ्यायला कुणाची वाट बघावी लागली नव्हती. ताराबाई मोडकांनी त्याच्या कितीतरी आधी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला तेच काम केलं होतं. पुढे १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढून आणि मग अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत जाऊन त्यांनी ते चालवून दाखवलं. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ते गुरं राखायला गेलं तर कुरणात न्यायची. थोर माणसं. पण धपाटाही काढून घेतला आणि गोळीही काढून घेतली की माझ्यासारख्या आजोबाच्या हातात उरतं काय? दोन रिकामे हात, आणि समोर चावणारी नात.

शेवटी सुनेने पुढाकार घेतला. ती बँकेत आहे, हिशेब तिला कळतो. ती आणि मुलगा ताईंना घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांनी आधी काळजीच्या गोष्टी विचारल्या: प्रकरण अर्ध्या-अर्ध्या तासापर्यंत चालतं का, दिवसातून पाच-पाच वेळा आणि रोज होतं का, डोकं आपटून किंवा स्वतःला चावून घेते का, आपली आपण कधीच शांत होत नाही का. अमेरिकेत २००८ साली अँडी बेल्डन आणि सहकाऱ्यांनी साध्या हट्टी मुलांची आणि खरोखर मदत लागणाऱ्या मुलांची तुलना केली होती, त्यातही साधारण याच खुणा आहेत. या खुणा असतील तर मात्र आत्याबाईंचं ऐकत बसू नये. सरळ तज्ज्ञाकडे जावं, घाटी रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे आणि तिथे जाण्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्याकडे यांपैकी काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दोन ते चार या वयात माणूस आयुष्यातली सगळ्यात जास्त हाणामारी करतो. मॉन्ट्रियलच्या रिचर्ड ट्रेंबले यांनी वर्षानुवर्षं मुलांचा माग काढून हेच दाखवलं आहे: मारायला कुणी शिकवावं लागत नाही, न मारायला हळूहळू शिकावं लागतं. मला हे ऐकून फार बरं वाटलं. निदान गुन्हेगारीची सर्वोच्च पातळी घरातच, देखरेखीखाली उरकते आहे.

उपाय सोपा होता. मारायला लागली की हात अलगद धरायचे, ‘मारायचं नाही’ एवढं एकदाच म्हणायचं, टोकदार वस्तू बाजूला करायच्या, जवळ बसायचं, आणि बाकी दुर्लक्ष. मागितलेली वस्तू त्या वेळी द्यायची नाही. शांत झाली की जवळ घ्यायचं. आणि मुख्य म्हणजे घरातल्या सगळ्यांनी एकसारखं वागायचं.

हा शेवटचा सल्ला देणारे डॉक्टर बहुधा एकटे राहत असावेत.

सुनेने रात्री जेवणानंतर बैठक घेतली. ठराव मांडला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आज्जी म्हणाली, “दुर्लक्ष म्हणजे बघायचंच नाही का? मग ती पडली तर?” ठरलं की बघायचं, पण बघितल्यासारखं दिसू द्यायचं नाही. मुलगा म्हणाला, पुस्तकांत लिहितात की आपण दुसऱ्या खोलीत निघून जावं. त्यावर दुसरी खोली कुठली, हा प्रश्न आला. सिडकोतल्या आमच्या घरात एका खोलीत टीव्ही आहे, एका खोलीत देव आहेत आणि उरलेल्या खोलीत, परीक्षेसाठी म्हणून परभणीहून आलेला माझा भाचा आहे. जो तो ताईंकडे दुर्लक्ष करायला बाहेर पडला, तर आम्ही सगळे जिन्यात जमा होणार आणि ताई घरात एकट्या. तरीही ठराव एकमताने झाला. आपल्याकडचे सगळे मोठे ठराव एकमतानेच होतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंना मोबाइल हवा होता. किंकाळी. आम्ही सगळ्यांनी दुर्लक्ष सुरू केलं. मी वर्तमानपत्र धरलं. सून लॅपटॉपमध्ये बघू लागली. ताईंनी आधी तिच्यावर, मग माझ्यावर, मग आज्जीवर नजर फिरवली. ती नजर मी ओळखतो. निवडणुकीच्या आधी कुठल्या पक्षातले कोण फुटणार याचा अंदाज घेणारे लोक तसेच बघतात. मग त्या थेट भाच्याच्या खोलीत गेल्या. भाचा ठरावाच्या वेळी अभ्यास करत होता, म्हणजे बाहेर चहा प्यायला गेला होता. त्याने फोन दिला. मिनिटभरात घरात शांतता पसरली आणि सुनेच्या चेहऱ्यावर ती काही चांगली दिसली नाही.

स्किनर नावाच्या शास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दर वेळी दाणा मिळाला आणि मग बंद झाला, तर कबुतर लवकर कंटाळतं. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असं असेल तर ते बिचारं मारतच राहतं, मारतच राहतं. एकत्र कुटुंबात मूल नेमकं याच परिस्थितीत वाढतं. आई देत नाही, बाबा रविवारी देतात, आज्जी रडणं वाढलं की देते, आत्या लगेच देते. माझ्या शर्टाच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या असतात, त्याबद्दल सुनेने मला विचारलं. मी म्हणालो, मला खोकला आहे. खोकला खरंच आहे. बराच जुना आहे. नात झाली तेव्हापासूनचा.

आज्जीला ठरावाचा कंटाळा आला. तिने सुनेला नाथांची गोष्ट सांगितली. आमचं शहर पैठणपासून पन्नासेक किलोमीटर, त्यामुळे संयमाचा विषय निघाला की घरोघर एकनाथ महाराज येतात. गोदावरीतून आंघोळ करून नाथ परत येत आणि वाटेतला एक माणूस त्यांच्या अंगावर थुंके. नाथ एक शब्द न बोलता परत नदीवर जात. एकशेआठ वेळा थुंकला म्हणतात, एकशेआठ आंघोळी झाल्या, शेवटी तोच पायांवर पडला. “असा पाहिजे धीर,” आज्जी म्हणाली. सून दिवसभर बँकेत लोकांचं ऐकून आली होती, वर हातावर नखांच्या ताज्या खुणा. ती म्हणाली, “आई, नाथांना आंघोळीला गोदावरी होती. आपल्याकडे उद्या पाणी येणार आहे का ते आधी सांगा.”

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. शहराबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: पैठणला जायकवाडीचं धरण आहे, १९७६ साली त्याचं लोकार्पण झालं, जलाशयाला नाव दिलं नाथसागर. तिथलं पाणी पंपाने चढावर खेचून शहरात आणतात आणि ते आमच्या भागात रोज येत नाही. काही दिवसांच्या अंतराने येतं. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी शहरातला माणूस दुसरं काही नसतो. तो पाणी भरणारा असतो. त्या दिवशी साखरपुडे पुढे ढकलले जातात. खालचा हौद, वरची टाकी, मोटार, मग स्वयंपाकघरातला पिंप, पिण्याचे हंडे, न्हाणीघरातल्या बादल्या, झाडांसाठी डबे, आणि सगळं भरून झाल्यावर पेले आणि वाट्याही. आमच्याकडे कोण काय भरणार हे ठरलेलं आहे आणि त्या ठरावाला भाचाही हजर असतो.

मोटारीचं बटण ताई दाबतात. हा त्यांचा मान आहे. त्या दिवशी पाणी अवेळी, भल्या पहाटे आलं, ताई झोपलेल्या होत्या, सुनेने बटण दाबलं. मोटारीच्या आवाजाने ताई उठल्या, बाहेर आल्या, आणि काय झालं ते त्यांना कळलं. असा कोप मी पूर्वी पाहिलेला नाही. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळकांडीत त्यांनी अंग टाकलं, दोन्ही पायांनी भिंत बडवायला घेतली आणि ‘बंद कर, परत बंद कर’ असा आक्रोश मांडला.

एकाही माणसाने “काय झालं?” विचारलं नाही. मुलगा दोन बादल्या घेऊन वरून ओलांडून गेला. सून हंडा घेऊन आली, “सरक गं” म्हणाली, पायाने बाजूची चप्पल सरकवली आणि गेली. आज्जी पिंपापाशी, पाठमोरी. मी वर टाकी भरली का बघायला गच्चीत. भाचा चक्क नळी धरून उभा. किंकाळी मोटारीच्या घरघरीत विरून जात होती, हेही ताईंच्या लक्षात आलं असावं. त्यांनी येणाऱ्या बादलीचा काठ चावून बघितला. प्लॅस्टिकने काही प्रतिक्रिया दिली नाही. पाय बडवणं हळू झालं. मग मुसमुसणं, ते दुसऱ्या जोडीतलं. मी गच्चीवरून खाली आलो तेव्हा टाकी निम्मीसुद्धा भरली नव्हती आणि ताई उठून बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्या आपला तांब्या घेऊन आल्या, पिंपातून बादलीत आणि बादलीतून परत पिंपात पाणी ओतू लागल्या, म्हणजे भरण्याच्या कामात आमच्याइतक्याच उपयोगी पडू लागल्या. सून ओल्या हाताने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. तेवढंच. डॉक्टरांचा संपूर्ण सल्ला, शब्दशः, एका कुटुंबाने एकदिलाने पाळला होता आणि कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मुलाने नंतर हिशेब मांडला. जायकवाडीवरून शहराला नवी मोठी जलवाहिनी येते आहे. ती पुरती सुरू झाली, रोज पाणी यायला लागलं, तर आपण ताईंना वाढवणार कसे? मला हा प्रश्न अगदीच चुकीचा वाटला नाही.

पण पाणी नसलेल्या दिवसांचं उत्तर आज्जीकडे निघालं, आणि ते तिच्याकडे पहिल्यापासून होतं. तिचं निदान सुरुवातीपासून एकच: दृष्ट लागली आहे. सुनेचा याला विरोध नव्हता, विश्वासही नव्हता. तिचं म्हणणं, दृष्ट काढायला हरकत नाही, पण डॉक्टरांना सांगू नका. तर एका संध्याकाळी ताई भर कोपात असताना आज्जीने मूठभर मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेतल्या, ताईंच्या समोर बसली आणि ओवाळायला लागली. मी बाजूला बसून बघत होतो. दृष्ट काढताना कुणी बोलायचं नसतं. आज्जीने नुसता डोळा वटारला आणि भाच्यासकट सगळे गप्प झाले. प्रश्न बंद. टीव्ही बंद. कुणी हलायचं नाही. आज्जी स्वतः फक्त ओठांत पुटपुटत होती. मूठ डोक्यापासून पायापर्यंत, संथ, पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत. ताईंनी आधी त्या मुठीला लाथ मारली. मूठ थांबली नाही आणि रागावलीही नाही. मग ताईंची नजर मुठीबरोबर फिरू लागली. शेवटी आज्जीने ते सगळं गॅसवर तापलेल्या तव्यावर टाकलं, तडतडलं, आणि सगळ्या घराला ठसका लागला. ताई हसायला लागल्या आणि आज्जीच्या मांडीवर चढून बसल्या.

मी तिथेच मनाशी ताळा करून पाहिला. प्रश्न नाहीत, उपदेश नाही, लालूच नाही, धाक नाही, मोठं माणूस जवळ पण शांत, आणि प्रकरण संपलं हे सांगणारी एक खूण, तडतडणारी. वेळ म्हणाल, तर गुडइनफबाईंच्या पाच मिनिटांत बसणारा. म्हणजे दृष्ट काढली नसती तरी कोप तेवढ्यातच उतरला असता, असं मी आज्जीला म्हणून बघितलं. ती म्हणाली, “उतरला असता, पण तुम्ही सगळ्यांनी तो उतरू दिला असता का?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पुस्तकातही नव्हतं.

ठसका आला नाही तर दृष्ट फार मोठी होती, असं आमच्याकडे मानतात. आल्यास दृष्ट उतरली. दोन्हीकडून जिंकणारी इतकी पक्की पद्धत स्किनर साहेबांनाही सुचली नसती. मुलाने क्वालिटीच्या सवयीने तव्याऐवजी पळी वापरून बघावी, धूर कमी होईल, अशी सूचना केली. ती फेटाळली गेली. धूर हाच मुख्य भाग आहे, असं आज्जीचं मत पडलं, कारण त्या धुरात मोठ्या माणसांना तोंड उघडता येत नाही.

आता बालवाडीत ताई अगदी शहाण्यासारख्या वागतात, बाई कौतुक करतात, आणि ते ऐकून सुनेचा जो संताप होतो तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इकडे बातमी मात्र जिन्याजिन्याने पसरली. शेजारच्या दणकट बाळाला त्याची आजी घेऊन आली. परवा तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं आलं, दोघंही संगणकातले, पुण्याहून बदली होऊन आलेले. “आमचा विश्वास नाही हं, पण आईंनी फोनवर सांगितलं म्हणून,” असं दारातच सांगून मुलाला आत सोडलं. आज्जीने त्यांना पहिल्यांदा मोबाइल बाहेर ठेवायला लावले. मग तोंडं बंद ठेवायला सांगितली. मग मला म्हणाली, “अहो, तुम्ही बाहेर बसा, तुम्हाला खोकला आहे.” मीठ-मोहऱ्या घरच्या घालते अजून; पण मिरच्या फार महाग झाल्यात, त्या ज्याने त्याने आपापल्या आणायच्या, असं तिने सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर, भाच्याकडून टाइप करवून टाकलं आहे.